बदकवाल्याच्या रक्तात शेळी

बेटावरच्या दवाखान्यात रक्ताचे रिपोर्ट वाटून झाले होते. औषधांच्या रांगेतल्या शिंपीणबाईंनी कान टवकारले, कारण पुढचे दोघे शेजारी वर्षभराचा अबोला मोडून बोलत होते.

“तुझ्या रक्तात काय निघालं?”

“शेळ्यांचा ताप म्हणे. कधीतरी येऊन गेलाय, खूण तेवढी राहिलीये.”

“तू तर बदकं पाळतोस.”

“मग? वाऱ्यानं आला असेल.”

“वाऱ्यानं! डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ऐकलंस ना? एक तर कच्चं दूध, नाहीतर शेळीचं बाळंतपण. आणि दूध तर तुला पचत नाही.”

“तुला म्हणायचंय तरी काय?”

“मी कुठं काय म्हणतोय? माझी गाभण शेळी नाहीशी झाली, तेव्हा तूच म्हणालास, समुद्रात पडली असेल.”

“पडलीच असेल! उगाच माझ्यावर आळ घेऊ नकोस.”

“बरं बाबा, नाही घेत.”

रांग सरकली. शिंपीणबाईही लगोलग सरकल्या.

“पहिलटकरीण होती रे बिचारी. कुठंतरी अडून मेली असेल.”

“मरतेय कशाला? चांगली हात घालून सोडवली मी तिला!”