चरबी जाळणारे औषध

पोलीस ठाणे जाफराबाद, दि. 21/10/2004, सायंकाळी 5.20 वाजता.

मी सोनूबाई भ्र. रखमाजी म्हस्के, वय अंदाजे 60 वर्षे, धंदा शेती व घरकाम, रा. खापरवाडी, ता. जाफराबाद, जि. जालना. विचारल्यावरून समक्ष सांगते की, मी मुलगा संपत, सून सत्यशीला व नात बेबीनंदा, वय 6 वर्षे, यांच्यासह राहते. संपत ट्रक चालवतो, सध्या बाहेरगावी आहे.

नात पहिल्यापासून काडीसारखी बारीक. दोनदा बेशुद्ध पडली म्हणून औरंगाबादला नेली. तिथले डॉक्टर म्हणाले, हिचे अंग आपली चरबी जाळू शकत नाही; कार्निटिन नावाचे पातळ औषध रोज तीन वेळा द्या, पोरीला उपाशी ठेवू नका. मला ते पटले नाही. अंगावर चरबीच नाही, तर जाळायची काय?

पोळ्याला माझ्या बहिणीचा मुलगा अप्पाराव आला होता. तो तालमीत कुस्ती खेळतो. बाटली पाहून म्हणाला, "मावशी, हे तर आमी वजन उतरवायला घेतो. चरबी गाळतंय हे. पोरीला काहून देऊन राह्यल्या?"

सुनेला सांगून उपयोग नव्हता, ती डॉक्टरच्या शब्दाबाहेर जात नाही. म्हणून ती शेतात गेल्यावर मी औषध मोरीत ओतले आणि बाटलीत साखरपाणी भरले. नवी बाटली आली तेव्हाही तेच केले. सून रोज मोजून पाजायची. पोरगी महिनाभर हसतखेळत होती, त्यामुळे माझेच बरोबर आहे असे मला वाटले.

आज अष्टमी. सून सकाळी 8 वाजता कापूस वेचायला गेली. पोरीला वेळच्या वेळी खाऊ घाला, असे बजावून गेली. पण पोरगी म्हणाली, मी पण आजीसारखा रेणुकामायचा उपास धरते. मला कौतुक वाटले. आरतीपर्यंत मी तिला काही दिले नाही. दुपारी 1 च्या सुमारास ती देवीपुढे बसल्या जागी कलंडली. हाका मारल्या, डोळे उघडले नाहीत. हातपाय गार होते.

सुनेला रानातून बोलावले व शेजारी रामकिसन यांच्या जीपने पोरीला सरकारी दवाखान्यात आणले. डॉक्टरांनी सलाईन लावून विचारले, औषध बंद होते का? सून म्हणाली, "एक टायम बी चुकला न्हाई." मी तिथेच उभी होते. भीतीने मी खरे लपवले.

हे औषध इथे मिळत नाही, घरचे आणा, असे डॉक्टर म्हणाले. रामकिसन यांनी बाटली आणून दिली. दवाखान्याने पोलिसांना कळवले होते; पोरगी घरी माझ्याजवळ होती म्हणून हवालदार मला जबाबासाठी इकडे घेऊन निघाले तेव्हा पोरीच्या नाकातल्या नळीतून त्याच बाटलीतले देणे चालू होते. साहेब, त्या बाटलीत औषध न्हाई. हे मी अजून कोणालाच सांगितलेले नाही.

जबाब वाचून दाखवायला घेतला तेव्हा मी म्हणाले, वाचत बसू नका, आधी दवाखान्यात माणूस धाडा. लिहिले ते खरे आहे. अंगठा घ्या.