आप्पांनी सोडलेली हवा

मंडळी, आधी हिशोब मांडू, मग कथा. सावद्याच्या हिरामणआप्पा बऱ्हाट्यांनी आपल्या गाडीच्या चाकांतली हवा कमी केली, त्यात त्यांना मिळणार काय होतं? पैसा नाही. मान नाही. मिळणार होतं एवढंच, की सातव्या महिन्यातली लेक धुळ्याहून माहेरी आणताना तिच्या पोटातलं पाणी हलू नये. बस. बापाचं देवाकडे याहून साधं मागणं असेल का?

आता प्रश्न. ज्याच्यावर आपला जीव, त्याच्यासाठी नियम पाळावा की मोडावा? लगेच माना हलवू नका. पुढच्या रांगेतले काका 'पाळावा' म्हणतायत, आणि काल पंगतीत यांनीच साखरेचा आजार असलेल्या बहिणीला आग्रह करून दोन पुरणपोळ्या वाढल्या. आम्ही शेजारीच होतो, काका.

तर ऐका. हे आप्पा केळीचे व्यापारी. त्या काळी अख्ख्या गल्लीत गाडी एकच, आप्पांची पांढरी अँबॅसडर. गाडी कसली, फिरतं घर होतं ते. गल्लीतली नवरी त्यातच सासरी जायची, आजारी माणूस त्यातच जळगावला जायचा. मागे चौघं बसायची, पाचवं आपोआप मावायचं. उन्हात तापलेल्या सीटचा तो वास, खिडकीची काच खाली करायचं ते कुरकुरणारं हँडल. आठवलं ना? बघा, मागच्या खांबाशी बसलेल्यांचे चेहरे कसे मऊ झाले.

आणि आप्पांचा एक नेम होता. रविवारी सकाळी, देवपूजेच्याही आधी, अंगणात हवा बघायची. गाडी रात्रभर उभी, टायर गार. आप्पा म्हणायचे, "पळून आलेल्या माणसाची नाडी बघतात का? आधी बसू दे त्याला. चाकाचंही तसंच." पुढे चोवीस पौंड, मागे सव्वीस. माणसं जास्त, सामान जास्त, तर मागे आणखी थोडी. पायाचा पंप आप्पांचा, आणि चारी चाकांच्या वाल्व्हची टोपणं मुठीत धरायचं काम यमूचं. यमू म्हणजे यमुना, आप्पांची एकुलती लेक. हात रबरानं काळे व्हायचे. आई ओरडायची, "पोरीला देवाचं स्तोत्र शिकवा हो, हे काय चोवीस-सव्वीस?" आप्पा म्हणायचे, "हेही स्तोत्रच आहे, फक्त छोटं आहे."

पेटीवाले, हसू नका. तुमच्या स्कूटरचं मागचं चाक आम्ही येताना बघितलं आहे.

यमूचं लग्न झालं, धुळ्यात दिली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. सातव्या महिन्यात आप्पा यमूच्या आईला घेऊन गाडीनं तिला आणायला गेले. मे महिना. जाताना पारोळ्याच्या पुढे रस्त्यानं असे दणके दिले की आप्पांची टोपी मांडीवर आली. तिथंच त्यांच्या मनात आलं, मला एवढं बसतंय, तर माझ्या पोरीला किती बसेल?

आणि त्यांना त्यांचे आजोबा, आईचे वडील, आठवले. आप्पांच्या आईला पहिल्या खेपेला बैलगाडीतून आणलं होतं. गाडीत हातभर कडबा, त्यावर दोन गोधड्या, बैल पावलापावलानं चालवलेले. आई म्हातारपणीही सांगायची, "पाळण्यात झोपून आल्यासारखं वाटलं रे." झालं. आप्पांनी ठरवलं, लेकीखाली आपणही काहीतरी मऊ अंथरायचं. कडबा कुठून आणणार? त्यांनी हवेचीच गोधडी करायची ठरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. पण विहीणबाई कसल्या सोडतात? "ओटी भरल्याशिवाय जाऊ देणार नाही, आणि जेवल्याशिवाय तर नाहीच नाही." घरात पुरणाचा घाट चालला, आणि इकडे आप्पा अंगणात चाकांशी बसले. किल्लीच्या टोकानं वाल्व्ह दाबला. फुस्स. एक चाक, दुसरं, तिसरं, चौथं. हाताच्या अंगठ्यानं दाबून बघितलं. मऊ. छान.

निघताना ऊन डोक्यावर. मागे यमू, तिच्या शेजारी आई, पायाशी पापडांचे डबे, डिकीत गव्हाचं पोतं. विहीणबाईंनी दिलेलं नाही कसं म्हणणार? भार वाढला आणि हवा घटली. आप्पांचं स्तोत्र उलटं झालं.

चढताना यमूच्या पायाशी काहीतरी चमकलं. चाकाचं टोपण. लहानपणापासून मुठीत धरलेली वस्तू, ती का ओळखणार नाही? वाकवत नव्हतं, तरी वाकली, उचललं, चाकाकडे बघितलं. टायरच्या बाजू पसरून जमिनीला टेकल्या होत्या.

"आप्पा, हवा कमी केलीत?"

"तुझ्यासाठीच, पोरी. बघ आता कशी तरंगत जाशील."

"पण आप्पा, मागे तर सव्वीसच्या वर—"

"ते एरवी. आज तू आहेस."

मंडळी, या वाक्यापुढे कोणती लेक बोलेल? यमूनं टोपण वाल्व्हवर बसवलं आणि मुकाट आत बसली. बापाच्या चेहऱ्यावरचा आनंद तिला मोडवेना. नियम बापानं मायेनं मोडला, लेकीनं मायेनं मोडू दिला. गाडीत माया भरपूर होती. चाकात नव्हती, कारण चाकात माया नाही, हवा लागते.

आणि गाडी तरंगलीही हो. खोटं कशाला बोलू? आई म्हणाली, "आज रस्ता दुरुस्त केलाय वाटतं." आप्पांनी आरशातून लेकीकडे बघितलं. राजाला राज्य मिळाल्यावर एवढं हसू येत नसेल.

तुम्ही कधी लोखंडाची तार भराभर वाकवून बघितली आहे? इकडे, तिकडे, इकडे, तिकडे. बोटाला चटका बसतो, आणि मग तार तुटते. कमी हवेचा टायर दर फेऱ्याला असाच चेपतो आणि सुटतो. आत ऊब साठत जाते. बाहेरच्याला कळत नाही. आत बसलेल्याला तर मऊच लागतं.

पारोळा मागे पडला, आणि मागचं डावं चाक फुटलं.

गाडी सापासारखी वळवळली. आप्पांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, पण गाडी रस्ता सोडून शेताच्या बांधाला जाऊन टेकली. यमू पुढच्या सीटवर आदळणार, तेवढ्यात तिनं डावा हात पुढे घातला. सगळा भार त्या मनगटावर. पोट वाचलं. मनगट मोडलं.

आप्पा मागचं दार उघडून तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. यमूच म्हणाली, "आप्पा, बाळ हलतंय. मी बरी आहे. आधी आईला पाणी द्या."

आता तुम्ही म्हणाल, पांडुरंगानं राखलं. खरंच राखलं. बाळ राखायचं काम त्याचं होतं, त्यानं केलं. मनगट राखायचं काम आप्पांकडे सोपवलेलं होतं.

पुढे मुलगा झाला, गुटगुटीत. पण मनगट जरा वाकडं बसलं, ते कायमचं. बारशाला यमूनं बाळ त्या हातावर घेतलं आणि बापाकडे बघून म्हणाली, "आप्पा, बघा, याचं डोकं इथं कसं बरोबर मावतं." सगळे हसले. आप्पा उठून अंगणात गेले. रविवार नव्हता, तरी पंप काढून बसले.

आज आप्पा नाहीत, ती गाडी नाही, ती गल्लीही पूर्वीची राहिली नाही. यमूच्या पोळपाटावर मात्र लाटणं अजून तिरपं चालतं. मुलगा पुण्याहून गाडी घेऊन येतो, आणि परत निघायच्या सकाळी ही आजीबाई अंगणात चाकाशी बसते. "गार आहे तोवर बघ रे," म्हणते. टोपणं तिच्याच मुठीत.

आणि आपण? दसऱ्याला गाडीला हार घालतो, चाकाखाली लिंबं ठेवतो, नारळ फोडतो. चाकाला लाथ मारून 'ठीक आहे' म्हणतो आणि निघतो. लिंबाचा रस निघतो, हवेचा आकडा कोणी बघत नाही. उद्या सकाळी निघण्याआधी वाका जरा. आणि वाकलात की मान वर करून बघा, मागच्या सीटवर कोण बसलंय.

कारण हिशोब असा मिटला. माया आप्पांची. हवा सोडली आप्पांनी. पारोळ्यापर्यंतचं सुखही बहुतेक आप्पांनीच भोगलं, आरशात बघून. आणि भरलं कोणी? यमूनं. डाव्या हातानं.