मस्कतसाठी बादली

साबिरा : ही टाचेची चप्पल काढ आधी. मस्कतला काय लग्नाला चाललीस?

सुमय्या : नवऱ्याकडे चाललेय, भाभी. तीन महिने राहायला. नावेदनंच सांगितलंय, बाहेर जायचे चांगले कपडे आण म्हणून.

साबिरा : नावेदला काय कळतं? त्याला जाऊन पुरती दोन वर्षं नाय झाली. त्याच्या भावाच्या बॅगा मी भरतेय, लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून. पेणेत कुणाचं माणूस आखातात निघालं की बाया मला विचारायला येतात, साबिराभाभी, काय काय घालू? आणि तू सख्खी जाव, तू मलाच शिकव.

सुमय्या : शिकवत नाहीये. वजनाचं बघा, एवढंच म्हणतेय. रोह्याच्या कंपनीत लॅबमध्ये होते ना, मोजायची सवय लागलीय.

साबिरा : लॅब सोडलीस, सवय पण सोड. अशी का बघतेस?

सुमय्या : माझ्या सिल्कच्या ड्रेसमध्ये हे काय गुंडाळलंय?

साबिरा : सोडे. मऊ कपड्यात असले की त्यांचा चुरा नाय होत.

सुमय्या : भाभी! ड्रेसला सुक्या कोळंबीचा वास लागेल!

साबिरा : लागू दे. विमानतळावर नावेदला लांबूनच कळंल, घरचं माणूस आलं.

सुमय्या : आणि अम्मीनं रोह्याहून पाठवलेले कडवे वाल? इथे वर ठेवले होते मी.

साबिरा : काढले. नावेद वाल खात नाय.

सुमय्या : खातो. ईदला आमच्याकडे दोनदा मागून घेतलं बिरडं त्यानं.

साबिरा : सासुरवाडीला माणूस दगड पण दोनदा मागून घेतो. मी आले तेव्हा बारा वर्षांचा होता तो. ताटातला वाल न् वाल वेचून मांजरीला घालायचा. मांजर गुटगुटीत, हा काटकुळा. माझ्या हातचं खाऊन अंगावर मांस चढलं त्याच्या.

सुमय्या : माहितीय मला. रोज ऐकते. फोन आला की पहिला प्रश्न, भाभीनं काय काय दिलंय? भाभीनं पापड दिले का, भाभीनं आमसुलं दिली का. सुमय्या, तू काय भरलंस, असं एकदासुद्धा विचारलं नाही.

साबिरा : मग तुझं तोंड का आंबलं? मी सांगते का त्याला विचारायला?

सुमय्या : नाही सांगत. पण त्यानं विचारलं की तुम्हाला बरं वाटतं.

साबिरा : वाटतं. का नाय वाटणार? एवढंच वाटायचं राहिलंय. तिकडचं विमान तुझं, खोली तुझी, नवरा तुझा. चार सोडे माझे असू दे की.

सुमय्या : बरं, राहू देत सोडे. पण डब्यात भरू या, ड्रेसमध्ये नको. दादासुद्धा खातील. रात्रीचं जेवायला ते आमच्याकडेच येणारेत.

साबिरा : कोण?

सुमय्या : कमरुद्दीनदादा. तुमचे हे. नावेदशी ठरलंय त्यांचं. आता घरचं जेवण मिळणार म्हणून खूश आहेत म्हणे.

साबिरा : मला नाय बोलला.

सुमय्या : विसरले असतील.

साबिरा : काल अर्धा तास बोलत होता. गच्चीचं गळतंय ते बोलला, पोराच्या क्लासचं बोलला. खूश हाय ते नाय बोलला.

सुमय्या : त्यांना काय आवडतं ते सांगा ना. तिखट किती, मीठ किती. मी तसंच करीन.

साबिरा : नाय सांगणार.

सुमय्या : काय?

साबिरा : ऐकू आलं ना? नाय सांगणार. चुकू दे तुझं. चार दिवस तरी चुकू दे. पहिल्याच घासाला वा म्हणाला तर मी इथं काय करू?

सुमय्या : भाभी, तुम्ही पण ना...

साबिरा : हसू नको. ती चादर दे इकडं, जाडी. आणि दोरी. बादली कुठं ठेवलीस?

सुमय्या : बादली खरंच घालायची? मला वाटलं चेष्टा करताय.

साबिरा : चेष्टा कसली? बादलीत कपडे भरायचे, तिच्यात टमरेल, म्हणजे जागा वाया नाय जात. तिथं पहाटे तासभर पाणी येतं. भरून नाय ठेवलं तर दिवसभर बस कोरडी.

सुमय्या : चोवीस तास येतं पाणी. गरमसुद्धा.

साबिरा : तुझ्या नावेदनं तुला भुलवायला सांगितलं असंल.

सुमय्या : आणि दोरी कशाला?

साबिरा : कपडे वाळत घालायला. खोलीतच घालायचे. बाईचे कपडे बाहेर दिसले तर शेजारचे पुरुष बघत बसतात. खिडकीला ही चादर लावायची, पडदे नसतात. आणि हे भारीतले कपडे काढ, खरंच सांगते. कुठं घालून जाशील? बाईमाणसाला तिथं खोलीच्या बाहेर पाय टाकता येत नाय. सगळा पुरुषांचा कारभार. बाया टिकतच नाय तिथं, आठवड्यात रडत परत येतात.

सुमय्या : हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?

साबिरा : कुणी म्हणजे? मी काय स्वप्नात बघितलं? दर सुट्टीला येतो तेव्हा सांगतो तो. मी विचारते, तो सांगतो. पाठ झालंय मला.

सुमय्या : भाभी, तुम्ही म्हणताय तसं नाहीये हो तिथे. बाल्कनी आहे. खाली भाजीवाला आहे. संध्याकाळी बायका समुद्रावर जातात.

साबिरा : ती तुमची बिल्डिंग असंल. नवी. ह्याची जुनी हाय, कामगारांची.

सुमय्या : एकच आहे.

साबिरा : काय एकच?

सुमय्या : बिल्डिंग. नावेदनं दादांच्याच बिल्डिंगमध्ये जागा घेतलीय. वरच्या मजल्यावर. दादांनीच बघून दिली, फॅमिलीला चांगली आहे म्हणून.

साबिरा : फॅमिलीला चांगली, असं तो बोलला?

सुमय्या : नावेद म्हणाला तसं. कदाचित... कदाचित आधी पाणी नसेल येत तिथे. आता सुधारलं असेल.

साबिरा : तुझ्याकडं फोटो हाय?

सुमय्या : राहू द्या ना, भाभी. चला, बादली घालू आपण. मावेल. मी कपडे कमी करते.

साबिरा : फोटो हाय का, ते विचारलं.

सुमय्या : व्हिडिओ आहे. नावेदनं पाठवलेला. हा जिना. हा दादांचा दरवाजा.

साबिरा : थांबव. ही समोर सायकल कुणाची? लहान पोरीची दिसते.

सुमय्या : शेजारच्यांची. मुरुडचे आहेत. त्यांची बायको शिवणकाम करते घरी.

साबिरा : मुरुडची बाई. कधीपास्नं राहते?

सुमय्या : बरीच वर्षं झाली म्हणे. मुलगी तिथल्याच शाळेत जाते.

साबिरा : दिसायला कशी हाय?

सुमय्या : साधीच. तुमच्या वयाची असेल. कशाला विचारताय?

साबिरा : तिचा नवरा मोठा साहेब असंल.

सुमय्या : नाही. दादांच्याच गोदामात आहे.

साबिरा : दादांच्या वरती?

सुमय्या : हाताखाली.

(साबिरा बादली, दोरी आणि चादर एकेक करून बॅगेबाहेर काढते.)

सुमय्या : भाभी, तुमच्या मनात काही वाईटसाईट येत असेल तर तसं काही नाहीये. दादा एकटेच राहतात. मी खोली बघितलीय व्हिडिओत. एक ताट, एक कप. खुर्चीवर लुंगी. कुणी नाहीये तिथे.

साबिरा : कुणी असती तर बरं होतं गो.

सुमय्या : असं नका बोलू.

साबिरा : कारण तरी असतं. पेणेपासून रोह्यापर्यंत तिच्या नावानं शिव्या दिल्या असत्या. आता कुणाला देऊ? एकटाच हाय, कप एकच हाय, आणि तरी नाय बोलावलं.

सुमय्या : घरी अम्मा आजारी होत्या ना. मुलं लहान होती. कोण बघणार होतं?

साबिरा : व्हय. तसं बोलला असता तर मी ऐकलं असतं. माझ्या अम्माला कोण बघंल, साबिरा? मी बघीन, बोलले असते. सात वर्षं बघितलंच की. पण बादलीचं कशाला बोलला? पाणी नाय, पडदे नाय, बाया रडत येतात... आणि मी गावभर सांगत बसले. त्या बायजाबाईच्या सुनेला पण बादली न्यायला लावली मी. काय म्हणाली असंल ती तिथं जाऊन?

सुमय्या : नेली तिनं?

साबिरा : लाल रंगाची. नवी घेऊन.

(सुमय्या ओढणीचं टोक तोंडावर धरते.)

साबिरा : हस. आता हस. मला पण येतंय हसू.

सुमय्या : नाही येत तुम्हाला.

साबिरा : नाय येत. ते वाल घे इकडं. जागा झालीय.

सुमय्या : नावेद खात नाही म्हणालात.

साबिरा : तू कर, मग खाईल. ह्या वयात माणूस मांजरीला नाय घालत. आणि टाचेची चप्पल कागदात गुंडाळ, ड्रेसला डाग पडंल.

सुमय्या : भाभी, मी दादांशी बोलू? तिथे गेल्यावर? ह्या वर्षी तुम्हालाही व्हिजिटला बोलवा म्हणून सांगते. आता अम्मा नाहीत, मुलं मोठी झालीत. सुट्टीत राहतील माझ्या अम्मीकडे, रोह्याला.

साबिरा : नाय.

सुमय्या : का पण?

साबिरा : तू बोललीस की तो बोलावंल. तुझ्या हातचं खाऊन, तुझ्यासमोर, हो म्हणंल. मग ते तुझं बोलावणं झालं. मला तुझ्या ताटातलं नको.

सुमय्या : मी काय तुमच्यावर उपकार करतेय का?

साबिरा : करत नाय, ठाऊक हाय. तरी नको. तू बरी हायस गो, पण आज मला तू आवडत नायस. चार दिवसांनी आवडशील.

सुमय्या : तोवर मी गेलेली असेन.

साबिरा : म्हणून तर बोलले. चल, वजन कर तुझ्या त्या काट्यावर.

सुमय्या : वजनात बसलं. थोडी जागासुद्धा उरली. तुमचं काही द्यायचंय का? दादांसाठी?

साबिरा : नाय. हात हलवत जा त्याच्याकडं. विचारलं तर सांग, साबिराला ह्या वेळी काय सुचलं नाय.

सुमय्या : चिडतील.

साबिरा : चिडू दे. ते विचारायला तरी फोन करंल. मग माझं मी विचारीन काय ते.

सुमय्या : आणि नाही म्हणाले तर?

साबिरा : म्हणंलच. पण आता कशापायी नाय म्हणंल, ते मला ऐकायचंय.

सुमय्या : चहा टाकू?

साबिरा : टाक. साखर जास्त घाल. आणि सुमय्या...

सुमय्या : हं?

साबिरा : पासपोर्टच्या फोटोला डोक्यावर ओढणी चालते का गो?

सुमय्या : चालते. चेहरा पूर्ण दिसायला हवा, एवढंच.

साबिरा : आणि चष्मा?

सुमय्या : काढायचा.

साबिरा : मग काजळ घालीन.