मी वाजवत नाही, असं म्हणालो

मी इस्माईल. जन्म भवानी पेठेतला, वडील तिथलेच, आजोबाही तिथलेच, त्याच्या मागचं मला माहीत नाही. आमच्या घरात तीन पिढ्या बँड. आजोबा मोठा ढोल वाजवायचे, वडील क्लॅरोनेट, मीही क्लॅरोनेट. तुम्ही शाळेकडनं आलात, पालकांनी शाळेला काय काय हातभार लावला त्याचं पुस्तक काढताय, माझं नाव त्यात घालायचंय म्हणता, चांगलं आहे. पण काय सांगू तुम्हाला, अकरा वर्षं फुकट शिकवलं एवढंच लिहायचं असेल तर ते शाळेतच कोणीही लिहून दिलं असतं, हे एवढे जिने चढून यायची गरज नव्हती. सांगतो ते सगळं लिहा, नाहीतर काहीच लिहू नका. आधी चहा घ्या, गार होतोय.

शाळा माझी सहावीपर्यंत. पुढं वडलांनी हातात क्लॅरोनेट दिलं. शिकवताना फार मारायचे हो, बोट चुकलं की बोटावरच छडी, पण हात एकदा बसला आणि मला त्या लाकडाच्या नळीचा असा काही नाद लागला की बस. लग्नाच्या तिथ्या सुरू झाल्या की आम्ही सकाळपासून लाल कोट घालून तयार, सोनेरी पट्ट्या, डोक्यावर तुऱ्याची टोपी, आणि पावसाळ्यात लग्नं नसायची तेव्हा मी बोहरी आळीत एका लोखंडाच्या दुकानात माल चढवायला उतरवायला जायचो. म्हणजे पुढं मी दुकानात असतो असं जे सांगितलं, ते अगदी खोटं नव्हतं. अर्धं खरं होतं, आणि ते जास्त वाईट.

लाज कुठनं आली विचाराल तर ती वडलांच्या वेळेपासनं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन, वडलांबरोबर एका कार्यालयात गेलो होतो, आत पंगती उठल्या, मग आम्हाला मागच्या पायरीवर पानं वाढली, आणि वडील घास घेतायत तेवढ्यात एक माणूस येऊन म्हणाला, ए बँड, आटपा. बँड. माणसाला नाव नाही. वडील लगेच उठले, हात धुतला, कोट नीट केला, आणि मला म्हणाले चल. पुढं तेच माझ्याबाबतीत, कोणी ए लाल कोट म्हणायचं, कोणी मास्तर म्हणायचं पण ते चेष्टेनं. वाजवताना मी राजा असायचो आणि वाजवणं थांबलं की कोणी नाही. म्हणून मुलगी झाली तेव्हा मी ठरवलं, हिच्या शाळेत हे काही कळू द्यायचं नाही. शाळेत घालतानाच्या कागदावर धंद्यापुढं मी खाजगी नोकरी असं लिहिलं. बायको जुबेदा म्हणाली, अहो वादक लिहा ना, चोरी करता का? मी म्हटलं, तू गप्प बस, तुला काय कळतं.

मुलीचं नाव नसीम. आणि गंमत बघा, बाहेर लपवायचं पण घरात मीच तिला शिकवत होतो. चौथीत होती तेव्हा बासरी आणून दिली, महिन्याभरात पोरगी सरळ सूर काढायला लागली, बोटं अशी हलकी की मला माझ्या वडलांची आठवण यायची. मी क्लॅरोनेटवर एक ओळ वाजवायची, तिनं ती बासरीवर परत वाजवायची, जुबेदा भाकऱ्या थापता थापता हसायची. शाळेत सांगू नको असं मी तिला कधी म्हणालो नाही. तिथंच चुकलं. मला वाटलं पोरीला आपोआप कळतंय. तिला कुठलं कळणार, तिला तर वाटायचं आपल्या अब्बांसारखा माणूस पुण्यात नाही.

ती आठवीत होती. शाळेत पालक सभा होती, पावसाळ्याचे दिवस, मी दुकानातनं सुट्टी काढून गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि मागच्या बाकावर बसलो. जोगळेकर बाई म्हणून तिच्या वर्गशिक्षिका, गाणंही त्याच शिकवायच्या. फार कडक बाई, आवाज मात्र गोड. त्या म्हणाल्या, नुसती फी भरली आणि प्रगतिपुस्तकावर सही केली की शाळेशी आपला संबंध संपला असं समजू नका, शाळा तुमचीही आहे, ज्याला जे येतं ते त्यानं शाळेला द्यावं. मग एकेक जण उठायला लागला. एक सुतार होते, ते म्हणाले गॅदरिंगचं स्टेज मी नीट करून देतो. एक आई म्हणाली, मुलींचे पोशाख शिवते. एक गृहस्थ म्हणाले, गणितात कच्च्या मुलींना रविवारी शिकवतो. बाई फळ्यावर सगळं लिहीत होत्या. मग म्हणाल्या, एका जुन्या विद्यार्थिनीनं शाळेला ड्रम, बिगूल, बासऱ्या दिल्यात, मुलींचं पथक करायचंय, पण शिकवायला कोणी नाही, आपल्यापैकी कोणाला वाजवता येतं का?

आठवीच्या मुली पालकांना पाणी द्यायला ठेवल्या होत्या. नसीम जग घेऊन माझ्यापासून चार हातांवर उभी. ती बोलली, बाई, माझे अब्बा वाजवतात, क्लॅरोनेट, बँडमध्ये, खूप छान वाजवतात. सगळ्या माना मागं वळल्या. आणि त्यात पुढच्या रांगेतला एक माणूस मला दिसला, उन्हाळ्यात त्याच्याच घरच्या लग्नात मी वाजवलं होतं, ए लाल कोट, जरा दम लाव की, असं सगळ्या वरातीसमोर मला ओरडला होता तोच. साध्या कपड्यात आम्हाला कोणी ओळखत नाही, त्यानंही ओळखलं नव्हतं. पण माझे कान तापले, मी उभा राहिलो आणि म्हणालो, नाही बाई, तिची काहीतरी चूक होतेय, मी वाजवत नाही, मी दुकानात असतो.

बाई म्हणाल्या, मग हिला क्लॅरोनेट हे नाव सुचलं कुठनं? लोक हसले. नसीमनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तौबा, आजही सांगताना अंगावर काटा येतो, मी माझ्या चपलेकडे बघत राहिलो. मग पोरगी म्हणाली, चुकलं बाई माझं. बाई म्हणाल्या, चुकलं की खोटं बोललीस? आणि नसीम म्हणाली, खोटं बोलले.

लिहिलंत? लिहा. तेरा वर्षांची पोर, भरल्या सभेत, खरं बोलली होती आणि बापासाठी खोटं बोलले म्हणाली. आणि बाप तिथं पाणी पिऊन खाली बसला.

घरी येईपर्यंत मी वाट बघत होतो की ही रडेल, भांडेल, विचारेल. काही नाही. पाणी दिलं, जेवण वाढलं, अभ्यासाला बसली. आठ दिवसांनी जुबेदा मला म्हणाली, पथकाच्या यादीत बासरीला हिचं नाव पहिलं होतं, बाईंनी ते काढलं, खोटं बोलणारी मुलगी नको म्हणाल्या, आणि वर्गात मुली हिला क्लॅरोनेट क्लॅरोनेट करून चिडवतात. जुबेदाला सभेतलं काही माहीत नव्हतं, ती बाईंवरच चिडली होती. मी नसीमला जिन्यात गाठलं, म्हटलं, मी उद्या शाळेत येतो, बाईंना खरं सांगतो. तर ती म्हणाली, नको अब्बा, मग तुम्ही खोटे ठराल. माझं काय, मी लहान आहे.

आणि मी गेलो नाही. रोज म्हणायचो उद्या जाऊ. दुकानातनं निघायचो, शाळेच्या कोपऱ्यापर्यंत यायचो, सायकल वळवायचो. गणपती गेले, ईद झाली, दिवाळी गेली. इतका भित्रा माणूस मी आयुष्यात दुसरा बघितला नाही, आणि तो रोज आरशात दिसायचा.

तुळशीचं लग्न झालं आणि आमच्या तिथ्या सुरू झाल्या. एक दिवस दुपारच्या मुहूर्ताचं लग्न, सदाशिव पेठेतलं कार्यालय. आता आमचं काम कसं असतं ते सांगतो. आत मंगलाष्टकं चालू असतात, आम्ही दाराशी वाद्यं तोंडाला लावून उभे, शेवटचं सावधान पडलं, अक्षता पडल्या की त्याच घडीला सुरू. क्लॅरोनेटनं आधी उचलायचं, मग बाकीच्यांनी. एक श्वास उशीर झाला तर यजमान आयुष्यभर नाव ठेवतो. मी कान देऊन उभा, आणि आतनं माइकवर बाईमाणसाचा आवाज आला. ओळखीचा वाटला म्हणून वाकून बघितलं. जोगळेकर बाई. नवरी त्यांची भाची होती. शालू नेसून माइकसमोर उभ्या, मंगलाष्टक म्हणत होत्या, आणि त्यांचं संपलं की मी वाजवायचं.

या अल्ला. दोन कडवी शिल्लक होती. मी शेजारच्या कॉर्नेटवाल्याला म्हटलं, तू उचल, माझं पोट दुखतंय. तो म्हणाला, वेड लागलं का तुला, माझं तोंड तयार नाही. टोपी पुढं ओढली, पण टोपीनं तोंड किती झाकणार, तोंडातच तर क्लॅरोनेट. पळून जावं असं वाटलं. आणि शेवटचं सावधान पडलं. बोटं माझ्या परवानगीची वाट बघतात थोडीच, ती चालू झाली. तुम्हाला खरं सांगतो, त्या दिवशी मी जसं वाजवलं तसं पुन्हा कधी वाजलं नाही. बाई अक्षता टाकून वळल्या, त्यांनी मला बघितलं, आणि पूर्ण गत वाजून होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

जेवणं झाल्यावर मी मागच्या पायरीवर बसलो होतो. बाई तिथं आल्या. मी उठलो. त्या म्हणाल्या, बसा. दुकान आज बंद वाटतं? मी टोपी काढली. त्या म्हणाल्या, त्या दिवशी मी एका मुलीला भर सभेत खोटारडी ठरवलं, ते अजाणता. आपण तिथेच होतात, सगळं माहीत असून. आपलं कसं? आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडायला लागलो, लाल कोटात, तुऱ्याची टोपी मांडीवर घेऊन. बाई म्हणाल्या, इथे रडून काय उपयोग, सोमवारी शाळेत या.

सोमवारी गेलो. बाईंनी आधी स्वतः वर्गासमोर नसीमची माफी मागितली. शिक्षिकेनं, हात जोडून. मग मी सांगितलं, मुलींनो, नसीम खरं बोलली होती, खोटं मी बोललो होतो, मला बँडची लाज वाटली म्हणून. एक मुलगी म्हणाली, काका, वाजवून दाखवा ना. मी क्लॅरोनेट नेलं होतं, जोडलं, पण तोंडाला कोरड पडलेली, नुसती चिरकी निघाली. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. नसीम हसली नाही, तिचं डोकं खालीच.

त्या आठवड्यापासून दर शनिवारी सकाळी मी शाळेत. बरं का, सोपं नव्हतं, पोरींना आधी बिगुलात फुंकताच येईना, गाल फुगवून फुगवून लाल. पण झालं. ते स्टेजवाले सुतार, त्यांनी ड्रमच्या फुटलेल्या कडा बसवून दिल्या. त्या शिवणाऱ्या ताईंनी आमच्या बँडच्या जुन्या कोटांच्या सोनेरी पट्ट्या उसवून पोरींच्या पोशाखांना लावल्या. रविवारचे गणितवाले, ते पोरींना घरी सोडायला थांबायचे. पहिल्यांदा पथक निघालं तेव्हा फुटपाथवर हेच सगळे आईबाप, एकमेकांना नावानं हाका मारत. मलाही. इस्माईलभाई, इकडे सावलीत या. एवढ्या वर्षांत शेकडो पोरी शिकल्या माझ्या हाताखाली, अजून कोणी मंडईत भेटली की वाकून नमस्कार करते.

फक्त नसीम नाही. बाईंनी तिचं नाव पुन्हा घातलं होतं, पहिलं. ती म्हणाली, बाई, मला अभ्यास आहे. मी शनिवारी पटांगणात शिकवायचो आणि ती वरच्या गॅलरीत वही घेऊन बसलेली असायची, सगळं बघायची. घरातली बासरीही तिनं परत हातात घेतली नाही. घे म्हणून मी कधी म्हटलं नाही, कुठल्या तोंडानं म्हणणार.

आता ती बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, वानवडीला राहते, दर रविवारी येते, औषधं ती आणते, डॉक्टरकडे ती नेते, माझं कधी काही कमी पडू दिलं नाही. माझे दात गेले, वाजवणं संपलं. जुबेदा गेली त्या वर्षी मी एकदा हिम्मत करून विचारलं, बेटा, तुझा राग अजून आहे का माझ्यावर? ती म्हणाली, राग कधीच नव्हता अब्बा. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की यात लाजण्यासारखं काही आहे. त्या दिवशी तुम्हाला लाज वाटली, मग मला वाटलं, अब्बांना वाटते म्हणजे असणार. तेव्हापासनं मलाही वाटायला लागली. नंतर तुम्ही कितीही चांगलं शिकवलंत, ती गेली नाही.

बघा. माझ्या वडलांकडून मला आलेली लाज, ती मी तिला दिली. दिलेली वस्तू माफी मागून परत घेता येते का हो? नाही येत. आता अल्लाकडे एवढंच मागतो, त्या शाळेतल्या सगळ्या पोरींना सुखात ठेव, आणि माझ्या नसीमच्या मनातलं तेवढं तू काढून घे, माझ्याच्यानं ते निघालं नाही.