कारखान्याची काळी डबी

...तो पेचकस आधी खाली ठेवा साहेब. हाताळा, पन खोलायचं न्हाई. बरोबर वळखलं तुमी, जुना ऑप-अँपच हाय, बारका सिग्नल मोठा करनारा — आताच्या चिपसारखा न्हाई, आत सुटे ट्रान्झिस्टर, अन् वरून लाखेवानी काळं वतून गच्च बंद. साबनाच्या वडीएवढं धूड. सहकारी साखर कारखान्यात वजनकाट्याला होतं. दुष्काळात ऊसच न्हाई तर वजन कशाचं करता? कारखाना बंद, भंगार निघालं, मी डबी उचलली अन् सोसायटीच्या भोंग्याच्या ह्या मशिनमदी बसवली. माइक पलीकडं सोसायटीत, मशिन हितं माझ्या दुकानात — तार भिंतीतून गेलीय. तुमी पुन्याहून तेलगावला हिच्यासाठी आलात, रेकॉर्डिंगला लावनार म्हनता. लावा की. पन दुसरी हुडका.

कावून म्हनता? तसं माझं काय जातंय. भोंग्यावर बोलती कोन? आमची मंडळी, सत्यभामा. महिला दूध सोसायटीची सेक्रेटरी — अन् यंदा टँकरबी सोसायटीच्याच गळ्यात पडला. आधी कोनत्या गल्लीला पानी, ते हीच पुकारती. अन् आमची गल्ली? रोज शेवटी. का, तर लोकांनी म्हनू नये, बाईनं घरचं बघितलं. आमच्या वाट्याला टँकरचा गाळ. म्हनून मी अबोला धरलाय. शहादेव मिस्त्री बायकोशी बोलत न्हाई, सगळ्या गावाला ठावूक हाय. ती बोलती, मी भिंतीकडं बघतो. जेवतो मात्र — जेवनाशी भांडन न्हाई.

मग डबी कावून जपतो? आता बघा — नवी चिप लावलीती मी मागं. आवाज लई मोठा, खरखरबी मोठी. गाव खूश. मीच संध्याकाळी काढून टाकली. कारन — हसू नका — सत्यभामा सगळ्या गल्ल्या धडाधड म्हनती, अन् आमच्या गल्लीवर आली की थांबती. जरासा दम घेती, मग नाव घेती. खरखरीत नेमकं तेवढंच बुडतं. ह्या डबीतून येतं. तिला ठावूक न्हाई मी ऐकतो ते. तसा रुसवा काय मी सोडलेला न्हाई, हे ध्यानात ठेवा —

थांबा. मशिनचा लाल दिवा लागला, ती माइकवर आली. गप बसा जरा... वेस गल्ली... तेली गल्ली... आता आमची, ऐका —

...

आज लईच थांबली. उठा साहेब, दुकान बंद करतोय. दोन घागरी घेऊन टँकरकडंच जातो, तीबी तितंच येईल. काय बोलायचं ते वाटंत ठरवीन.