पाचव्या ओळीतले आकाश

मामंजी: नोंदवहीचा धर्म असा, सूनबाई, की डोळ्यांनी पाहिले तेच तिच्यात उतरावे; आणि मित्राचा धर्म असा, की त्याने लिहिलेले शेवटपर्यंत वाचावे. आपल्याकडून दोन्ही मोडले.

सूनबाई: सगळं माझ्या माथी नको हं! किनाऱ्यावरच्या हौशी निरीक्षकांकडून ढगांच्या नोंदींचे रोज साठ मेल यायचे. तुम्ही चष्मा सावरत एकेक उतरवून घ्यायचात, म्हणून मी संगणकासाठी स्क्रिप्ट लिहिली. मेलच्या वरच्या चार ओळी उचलायच्या, तारीख, वेळ, ढगाचा प्रकार, दिशा, आणि डेटाबेसमध्ये टाकायच्या. चारच ओळी, हे तुमचंच सांगणं.

मामंजी: माझेच. निरीक्षक पाल्हाळ लावतात, असे म्हणालो होतो. ते वाक्य आता मी परत घेतो.

सूनबाई: पण तुम्हाला शंका आली कशी?

मामंजी: मंगळवारी साऱ्या किनाऱ्यावर आकाश निरभ्र, आणि एकट्या माझ्या दीपगृहवाल्या मित्राकडे पश्चिमेस पिसांसारखे ढग. दीपगृहातून निवृत्त झाला, तरी चाळीस वर्षांत त्याची नोंद कधी चुकली नव्हती.

सूनबाई: म्हणून मूळ मेल उघडला, तर खाली ही पाचवी ओळ. पुन्हा वाचू?

मामंजी: वाच. सावकाश.

सूनबाई: "मित्रा, दृष्टी गेली. फोनला सांगून लिहवतो. सकाळी गच्चीवर बसतो, डोळे मिटतो, आणि कुठल्याशा जुन्या दिवसाचं आकाश हलकेच वर येतं. तेच कळवतो. चालेल का? नसेल तर थांब म्हण." एकवीस दिवस रोज हेच विचारलंय, मामंजी. आणि माझी स्क्रिप्ट रोज आपोआप उत्तर देतेय, 'नोंद मिळाली, आभारी आहोत'!

मामंजी: अरेरे. म्हणजे तो होकार समजला.

सूनबाई: किंवा कोणी वाचतच नाही, हे समजलं. काल त्यांचा मेल आलाच नाही.

मामंजी: त्याच्या साऱ्या नोंदी उघड बघू.

सूनबाई: त्या एकवीस नोंदी पुसू? न पाहिलेले ढग ठेवले तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवील?

मामंजी: ढगांच्या तक्त्यातून काढ, परंतु पुसू नकोस. त्यांना निराळा तक्ता दे. 'स्मरणातले आकाश' असे लिही वर.

सूनबाई: आणि त्यांना काय लिहू?

मामंजी: लिहू नकोस. फोन लाव.

(फोन लागतो.)

दीपगृहवाला: कोण? ते आभार मानणारं यंत्र का?

मामंजी: मीच रे. तुझी ओळ आज वाचली, एकवीस दिवस उशिरा. क्षमा कर.

दीपगृहवाला: बरं. मग थांबू ना?

मामंजी: ढग थांबव. तू न पाहिलेले मी पाहिलेले म्हणून मांडणार नाही, तुझ्यासाठीही नाही. आत्ता कुठे आहेस?

दीपगृहवाला: गच्चीवर. आंधळा जातोय कुठे!

मामंजी: वारा आहे?

दीपगृहवाला: आहे की. डाव्या गालावर. म्हणजे नैऋत्येचा, ओलसर, झोपेत कूस बदलावी तसा... थांब, थांब. कानामागे सरकला बघ. वळतोय लबाड!

मामंजी: वारा डोळसांनाही दिसत नाही, मित्रा. साठांपैकी एकानेही मला तो असा कळवलेला नाही. उद्यापासून तू कळव.

दीपगृहवाला: चार ओळींत?

मामंजी: लागतील तितक्या.

सूनबाई: काका, मी सून बोलतेय. आता चौकटीत न बसणारं काहीही आलं, की तो मेल आधी मामंजींपुढे येईल. आजच बदलते.

दीपगृहवाला: बदल, बाई. मला वाटलं होतं, मी समुद्राशीच बोलतोय.

मामंजी: तुझ्या सकाळी निवांत उगवोत, आणि हिच्या हाती आलेला कोणाचाही शब्द वाया न जावो.