ज्ञानूदादानं पोर का दिली

सरपंच, तात्या, आबा, आन् मागं बसलेल्या माझ्या बायाबहिणींनो,

सभेत उभं राहून बोलायची मला सवय न्हाय. सासरहून, सांगवीहून निघताना मालक म्हणले, "रडून घे, पर बोलू नगंस." रडून झालंय. आता बोलणार. मला कुणी बसवू नका.

मी सोनाबाई. पंधरवड्यामागं तापानं गेला, त्या ज्ञानूदादाची पाठची बहीण. आत्तापतूर चौघं बोलले. दादाच्या वांग्यांचं कवतिक झालं, कष्टाचं झालं. पोरीचं नाव कुणी काढलं न्हाय. तात्या, तुमी तर तितवर आलात आन् खाकरून थांबलात.

का थांबलात? मेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणून? म्हंजी वाईट हाय, हे धरूनच चाललाय न्हवं? ह्या सणसरात पाच वर्सं काय बोललं जातंय, मला ठावं हाय. ज्ञानूनं पोटची पोर गोऱ्याला दिली. सख्खी आत्या पदर पसरून मागत व्हती, तिला न्हाय दिली, आगबोटीत बसवली. व्हय का न्हाय? आता का माना खाली?

ऐका तर.

वैनी बाळंतपणात गेली. पोरीचा तोंडातला टाळू दुभंगलेला. दूध पाजलं की नाकातनं बाहेर. मला मूलबाळ न्हाय. मी म्हणलं, "दादा, घाल माझ्या ओटीत." आन् त्यानं घातली. व्हय, घातली! सुतक फिटल्यावर आत्या म्हणून मीच कुसुम नाव ठेवलं आन् तिला सांगवीला न्हेलं. तुमाला वाटलं, चार दिस सांभाळायला न्हेली.

नऊ दिस ती माझ्या मांडीवर व्हती. कापसाच्या बोळ्यानं पाजलं, शेळीचं दूध पाजलं, दृष्ट काढली, देवऋषी केला. दहाव्या दिशी दादा आला. पोरीला उचललं आन् त्याचं तोंडच उतरलं. हात काडीवानी झालं व्हतं. रडायला आवाज ऱ्हायला नव्हता. मी म्हणलं, "सुधरंल हळूहळू." दादा म्हणला, "सोने, हिच्याकडं तेवढं दिस न्हाईत."

दादा वालचंदनगरला बंगल्यांवर भाजी घालायचा. तितं यंत्रं बसवायला आलेल्या परदेशी सायबाची मडम नर्स व्हती. त्या दोघांनाबी पोर नव्हतं. दादानं पोर तिच्याकडं न्हेली. मडमनं बारक्या नळीनं दूध पाजलं. आन् पोरीनं ते गिळलं. गिळलं वो! महिन्याभरात गाल भरलं. टाळू शिवता येतो म्हणली, पर तिच्या मुलखात, पोर वाढंल तसा तीनचारदा. सायबाचं हितलं काम सपलं व्हतं. त्यांना सवताची लेक म्हणूनच पोर न्हेता येणार, बापानं मागनं हक्क सांगायचा न्हाय, आसा पुण्याच्या कोर्टात कागद झाला. दादानं अंगठा उठवला. आल्यावर तीन दिस जेवला न्हाय.

मग गावची माणसं त्याच्या वट्यावर आली. "बहिणीकडं का न्हाय ठेवली?" मी म्हायेरी आलेली, दाराआड उभी. वांझ बाईच्या हाताला यश न्हाय, सवत आणा, आसं माझ्या सासरी आधीच चाललं व्हतं. मांडीवर पोर मरायला टेकली, हे चार माणसांत निघालं आसतं तर त्यांना आयतं कारण मिळालं आसतं. दादानं दाराकडं बघितलं. आन् म्हणला, "माझी मर्जी."

तेवढ्यावर तुमी त्याला पंगतीत कडंला बसवलं.

आन् मी काय केलं? सांगायला जीभ रेटत न्हाय. दर भाऊबीजेला दादा सायकल हाणत सांगवीला यायचा, घेवड्याची पिशवी घिऊन. जिला भाऊ न्हाय, ती बाई चंद्राला ओवाळती. मी, सख्खा भाऊ वट्यावर बसलेला आसताना, ताट घिऊन अंगणात जायची आन् चंद्राला ओवाळायची. त्याच्यादेखत. मनात यायचं, माझी पोर ह्यानं काढून न्हेली. तो तांब्याभर पाणी प्यायचा, "येतो सोने" म्हणायचा, आन् तेवढी वाट परत तुडवायचा. तुमच्यापरास माझं पाप मोठं हाय.

पोर जगली का, मला ठावं न्हाय. त्यालाबी ठावं नव्हतं. तेवढंसुदिक न कळता माझा दादा गेला.

आता सरपंच म्हणतील, दोन मिनिटं गप उभं ऱ्हावा. ऱ्हाऊ या. त्यानंतर कुणाला कुसुमचं काय इचारायचं आसंल तर मला इचारा. सासूबाई, तुमीबी बायकांत बसलाय, सगळं ऐकलंत. घरी काय करायचं ते करा. मी येतेच हाय.

उठा मंडळी. माझ्या दादासाठी उभं ऱ्हावा.